वंगणकाका आणि मागचा गिअर

लग्न होऊन मी या घरात आले त्याला फार दिवस झाले नव्हते. मागच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत घालत होते, आणि कपड्यांच्या शेजारी पोस्टमनची ओली पत्रं. पत्रं का, ते पुढे येईलच. दोरीला लागून पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये दोघे भाऊ भांडत होते, आमचे हे आणि माझे धाकटे दीर. कान लावायची गरज नव्हती. पत्राच थरथरत होता.

"दात तू झिजवलेस, दादा," दीर म्हणत होते.

"आणि बसवलं कोणी? जसं बसवलंस तसं चाललं."

"मी बसवलं ते सोन्यासारखं होतं. तुझा हात बायकी. गिअर टाकतोस का बाळाला पाळण्यात ठेवतोस?"

नवी सून मी. मला वाटलं, वाटणीवरून जुंपली असणार, नाहीतर माझ्यावरून. मनाची तयारी करून दारातून डोकावले, तर लाकडी घोडीवर बोटीची मोटर टांगलेली आणि दोघे तिच्या दोन बाजूंना उभे. जणू आजारी आई आहे आणि तिला कोणी सांभाळायचं यावरून वाद चाललाय. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. सुटले म्हणायचं की वाईट वाटून घ्यायचं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

आमची बोट म्हणजे काही गलबत नव्हे. या काठावरची माणसं त्या काठावर न्यायची आणि त्या काठावरची इकडे आणायची, एवढाच तिचा जन्म. माणसं, त्यांच्या पिशव्या, एखाददुसरी सायकल. सासऱ्यांनी जाताना सांगून ठेवलं होतं की मोठ्याने बोट चालवायची आणि धाकट्याने मोटर राखायची. बिचाऱ्यांना वाटलं असेल, कामं वाटून दिली की भांडण राहत नाही. भांडायला एक सामाईक वस्तू मिळाली की कामाची वाटणी काय करणार?

बोटीला ब्रेक नसतो. हे मला या घरात आल्यावर कळलं, आणि कळल्यापासून बोटीत बसताना जी धाकधूक होते ती अजून गेलेली नाही. थांबायचं असेल तर पाण्यातला पंखा उलटा फिरवायचा. त्यासाठी दांडा पुढून मध्ये आणि मधून मागे ओढायचा. दांड्याला जोडलेली जाड तार, तिला केबल म्हणतात, ती मोटरीतला एक हात हलवते, आणि तो हात पाण्याखालच्या पेटीत एक दातेरी चकती सरकवतो. चकती पुढच्या चाकात अडकली की बोट पुढे, मागच्या चाकात अडकली की मागे, मध्ये राहिली की कुठेच नाही.

त्या सकाळी धक्क्याजवळ येताना ह्यांनी दांडा मागे ओढला. मागचा गिअर पकडला, कटकट वाजला आणि सुटला. बोट सरळ जाऊन आदळली. माणसं एकमेकांच्या अंगावर पडली, पोस्टमनची सायकल पाण्यात गेली आणि पत्रांची पिशवी सायकलबरोबर. म्हणून ती पत्रं माझ्या दोरीवर होती.

आता प्रश्न एवढाच होता की चूक वरची की खालची. केबल आखूड बसवली असेल तर चकती पुरती आत जात नाही आणि सुटते. ती वरची चूक, म्हणजे धाकट्याची. गिअर खटकन न टाकता हळूहळू टाकला, तर दातावर दात घासून गुळगुळीत होतात आणि मग पकड राहत नाही. ती खालची चूक, म्हणजे मोठ्याची. भांडणाच्या शेवटी हे म्हणाले, तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. दीर म्हणाले, मग नको बोलूस. दोघेही शब्दाचे पक्के. दुर्दैवाने.

माझ्या दिरांना दोन्ही काठांवर वंगणकाका म्हणत. कोपरापर्यंत हात काळे, खांद्यावर तेलकट फडकं, म्हणून ते नाव. स्वभावाकडे बघून ठेवलं असतं तर गंजकाका ठेवावं लागलं असतं. पण हाताला गुण होता. लांबलांबून लोक मोटरी खांद्यावर टाकून आणत. प्रत्येक जण रडत यायचा की गिअर गेला, पेटी गेली, आता सगळं खालचं बदलावं लागणार. भाऊजी म्हणायचे, आधी वरचं, मग खालचं. मोटर बंद ठेवून एका हाताने पंखा फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने दांडा टाकून बघायचा. पंखा न फिरवता बंद मोटरीचा गिअर जबरदस्तीने ओढणाऱ्याला ते शेडबाहेर काढत. मग केबल सोडवायची आणि मोटरीतला तो हात बोटाने हलवून बघायचा. सहज शेवटपर्यंत गेला तर दोष केबलीत, अडला तर पेटीत. चहाला उकळी यायच्या आत निदान व्हायचं. दहातल्या आठ जणांची पेटी उघडावीच लागत नसे. केबल नीट केली, गंजलेली पिन बदलली, की ती माणसं हसत जायची.

हीच परीक्षा घरच्या मोटरीची केली असती तर भांडण संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. ती तेवढी त्यांनी केली नाही. ह्यांनीही कधी म्हटलं नाही की करून बघ. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण आमच्याकडे दिवा धरणारा आणि अंधारात बसणारा, दोघांनीही डोळे मिटून घेतले होते. केबल सोडवली असती तर कोणीतरी एक खोटा ठरला असता, आणि तो आपण असू, ही भीती दोघांच्याही पोटात होती.

मोटर मात्र भाऊजी राखत राहिले. बोलणं बंद म्हणजे काम बंद नव्हे. दर आठवड्याला पहिल्या फेरीच्या आधी ते यायचे, अंगणात घोडीवर टांगलेल्या मोटरीचं झाकण काढायचे, आणि खिडकीखालच्या बाकावर हे चहा घेत बसलेले असायचे. दोघांमध्ये फार तर दोन हातांचं अंतर. त्या दोन हातांत मी.

भाऊजी म्हणायचे, वहिनी, त्यांना विचारा, ऑइल कधी बदललं. मी बाकाकडे वळून विचारायची. हे म्हणायचे, सांग, मागच्या पंधरवड्यात. मी मोटरीकडे वळून सांगायची. मग, त्यांना म्हणावं ऑइल दुधासारखं दिसतंय, पाणी शिरलंय, सील बदलावं लागेल. मग, सांग, बदल. कधी ऑइलमध्ये धातूची चमचम दिसायची. भाऊजी म्हणायचे, त्यांना दाखवा, कोणाचे दात विरघळतायत. हे म्हणायचे, त्याला विचार, दात विरघळायला कोणी भाग पाडलं. सासूबाई आतून म्हणायच्या, टेलिफोनची लाइन गावात यायच्या आधी आपल्या घरात आली.

अशी वर्षं गेली. मुलगी झाली, ती चालायला लागली, शाळेत गेली, आणि मागचा गिअर सुटतच राहिला. नुसती आम्हालाच नाही, साऱ्या काठाला त्याची सवय झाली. हे धक्क्याच्या बऱ्याच आधी मोटर मंद करायचे, बोट नुसती तरंगत यायची, आणि शेवटच्या क्षणी हे ओरडायचे, "धरा." की सगळे धरायचे. म्हाताऱ्या बायका बोलणं न थांबवता एका हाताने फळी पकडायच्या. पोस्टमन एक पाय मागे रोवून सायकल छातीशी घ्यायचा. धक्का बसला की पुन्हा गप्पा सुरू. कोणी नवखा आला तर बाकीचे त्याला शिकवायचे. बोटीत काही बिघडलंय असं कोणाच्या मनातही यायचं नाही. बोट ही अशीच थांबते, असं त्यांना वाटायचं.

आणि बोटीला मार लागू नये म्हणून भाऊजी स्वतः जुने टायर आणून धक्क्याला बांधायचे. एक फाटला की दुसरा. पेटी उघडायला अर्धा दिवस लागला असता. टायर बांधण्यात उमेदीची वर्षं गेली.

मग एक दिवस फेऱ्यांचे परवाने देणारे नवे सरकारी साहेब आले. माणूस सरळ होता, आवाजसुद्धा चढवला नाही. धक्क्यापासून काही अंतरावर त्यांनी पाण्यात एक खांब रोवला आणि म्हणाले, भर वेगात यायचं, मागचा गिअर टाकायचा आणि खांबाच्या अलीकडे थांबायचं. थांबली तर फेरी तुमची. नाही थांबली तर फेरी पलीकडच्या बोटवाल्याला देणार, त्याची बोट थांबते. लोकांचा जीव आहे. परीक्षेला दोन दिवसांची मुदत दिली. आमच्या घरची चूल त्या फेरीवर पेटत होती; भाऊजींच्या दुरुस्तीच्या पैशांत सगळं घर भागलं नसतं. पलीकडचा बोटवाला तर त्याच दिवशी फेरीची नवी पाटी रंगवायला बसला.

साहेब आमच्या अंगणात उभे राहूनच बोलत होते. आत शेडमध्ये भाऊजी कानस घासत होते, तिचा आवाज येत होता. साहेबांनी विचारलं, इतकी वर्षं गिअर सुटतोय तर तुमचा मेकॅनिक करतो काय?

मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. केबलची गोष्ट बाहेर काढायची याहून चांगली वेळ कुठली?

हे म्हणाले, "मेकॅनिक माझा भाऊ आहे, साहेब. त्याच्या कामात खोट नाही. दात माझ्या हाताने झिजलेत."

आत कानस थांबली.

इतकी वर्षं जे ऐकायचं होतं ते भाऊजींना आयतं ऐकायला मिळालं होतं, तेही सरकारी माणसासमोर. त्यांनी खरं तर साखर वाटायला हवी होती. पण त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, भूक नाही. हरलेलं पचवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. जिंकलेलं न पचलेला हा एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हत्यारांची पत्र्याची पेटी घेऊन आले. म्हणाले, वहिनी, त्यांना सांगा, खालचं उघडतोय. हे म्हणाले, सांग, उघड.

आधी वरचं, मग खालचं. केबल सोडवली. एका हाताने पंखा फिरवत मोटरीतला तो हात बोटाने ढकलला. केबल जिथपर्यंत नेत होती तिथपर्यंत तो गेला, आणि तिथे न थांबता बोटभर आणखी पुढे गेला. भाऊजींनी पुन्हा करून बघितलं. पुन्हा बोटभर पुढे. तिसऱ्यांदा केलं नाही. मान खाली घालून त्यांनी पेटीचे नट सोडवायला घेतले. ऑइल परातीत काढलं, ते चांदीसारखं चमकत होतं. मग ती चकती बाहेर आली. तिचे दात चौकोनी असायला हवेत म्हणतात. ते चोखून टाकलेल्या गोळीसारखे गुळगुळीत झाले होते.

म्हणजे वरची चूकही खरी आणि खालचीही खरी. केबल आखूड म्हणून दात झिजले, का हळू हातामुळे झिजले, का दोघांनी मिळून जोडीने झिजवले, ते आता देवालाही सांगता आलं नसतं. मी म्हटलं, चला, आता मिटलं, आणि बादली उचलून कपडे वाळत घालायला गेले. तीच दोरी, तोच पत्रा.

"केबल आखूड होती, दादा. मीच बसवली होती."

ह्यांना त्या तोंडून दादा ऐकून किती वर्षं झाली असतील! मी ओला पदर तसाच हातात धरून उभी राहिले. मला वाटलं, आता गळ्यात गळे पडणार.

"केबलचं काय घेऊन बसलास?" हे म्हणाले. "दात बघ. हे माझं काम."

"चकती पुरती आतच जात नव्हती, तर तू खटकन टाकलीस काय आणि हळू टाकलीस काय."

"मी हळूच टाकत होतो. तू तेव्हाच म्हणाला होतास, बायकी हात."

"तेव्हा मला अक्कल नव्हती."

"आता कुठे आलीय? थोरला मी आहे. चूक माझी."

"थोरला म्हणून सगळं तुझंच का? बोट जन्मभर तू चालवलीस. निदान चूक तरी माझ्याकडे राहू दे."

आवाज चढत गेले. पत्रा पूर्वीसारखाच थरथरायला लागला. आधी दोघे चूक एकमेकांच्या गळ्यात घालत होते, आता हिसकावून घेत होते, एवढाच काय तो फरक. शेवटी भाऊजी तरातरा दारात आले आणि मला म्हणाले, वहिनी, त्यांना सांगा, मी हे ऐकून घेणार नाही. आतून आवाज आला, त्याला सांग, मी तरी कुठे घेतोय. मी बादली खाली ठेवली आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिले.

काम मात्र थांबलं नाही. नवी चकती आणायला कोणाला धाडायचं, असं हे माझ्यामार्फत विचारत होते, तेवढ्यात भाऊजींनी आपल्या पेटीच्या तळातून एक फडकं काढलं. तेलाने पिवळं पडून कडक झालेलं. आत नवी कोरी चकती, चौकोनी दातांची. फडक्याचा रंग बघूनच कळत होतं की ती कालची नव्हे. ह्यांनी ती बघितली आणि काहीच विचारलं नाही. मीही नाही. काही निरोप पोचवायचे नसतात, एवढं मला त्या नोकरीत कळलं होतं.

चकती बसली. केबल दोन आटे लांब केली. मोटर मंद आवाजात चालू करून ह्यांनी दांडा टाकला, तर भाऊजी लगेच म्हणाले, त्यांना सांगा, खटकन. दया दाखवायची नाही. ह्यांनी खटकन टाकला. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच.

परीक्षेला दोन्ही काठांवरची माणसं जमली. बोट भर वेगात आली. हे ओरडले, "धरा," सवयीने. सगळे धरणार होते, पण सवयीप्रमाणे धक्क्याला लागताना. धक्का अजून लांब होता. मागचा गिअर असा पकडला की बोट खांबाच्या कितीतरी अलीकडे जागच्या जागी उभी राहिली, आणि आतली माणसं तेवढी पुढे गेली. पोस्टमनचा पाय मागे रोवायचा राहून गेला होता. सायकल त्याच्या हातातून सुटून पाण्यात गेली, पिशवीसकट.

साहेबांनी खांबापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं. मग म्हणाले, बोट थांबली, सायकल थांबली नाही. नियम बोटीचा आहे. आणि फेरी आमच्याकडे ठेवली.

पत्रं पुन्हा माझ्याच दोरीवर आली. पुढे महिनाभर लोक तक्रार करत होते की पूर्वीची बोट बरी होती, निदान कुठे आदळणार ते माहीत असायचं.

दोघा भावांचं बोलणं काही सुरू झालं नाही. चूक कोणाची ते ठरल्याशिवाय बोलायचं कसं? पण आवाजातला गंज गेला होता. निरोप लांबायला लागले. आधी ऑइल आणि सील यापुढे विषय जात नसे. आता भाऊजी म्हणायचे, त्यांना सांगा, खोकला अंगावर काढू नका. हे म्हणायचे, त्याला सांग, चष्मा बदल, पाना चाचपडत शोधतोस. माझा चहा गार व्हायचा.

मुलगी मोठी झाली तसा तिने दांड्याला हात घातला. काकानेच शिकवलं तिला. हात अगदी बायकी तिचा, बांगड्या वाजतात गिअर टाकताना. पण असा पडतो की आजवर एक दात घासलेला नाही. मी तसं म्हटलं की भाऊजी दुसरीकडेच बघायचे.

मग हे गेले. बोट एक दिवस बांधून ठेवली, दुसऱ्या दिवशी लेकीने सोडली. लोकांना पलीकडे जायचंच असतं. मला वाटलं, भाऊजी आता सरळ लेकीशी बोलतील, मला सुट्टी. पण त्या आठवड्यालाही ते आले, झाकण काढलं, बघितलं, आणि रिकाम्या बाकाकडे पाठ करून म्हणाले, वहिनी, त्यांना सांगा, ऑइल स्वच्छ आहे. मी काय करणार? वळले आणि सांगितलं.

तेव्हापासून ते तसंच चाललं. शेवटचे आले तेव्हाही तसंच. पाय ओढत होते, पेटी लेकीने धरू का विचारलं तर दिली नाही. फडकं खांद्यावर. झाकण काढलं, केबलच्या टोकाला ग्रीस लावलं. एका हाताने पंखा फिरवत दांडा पुढे टाकला, मध्ये आणला, मागे ओढला. खटकन. ऑइलचा स्क्रू जरासा सोडून आलेला थेंब बोटावर घेतला, उजेडात धरला, दोन बोटांत चोळून बघितला. स्क्रू आवळला. झाकण बसवलं. मग एकेक बोट निवांत पुसलं.

"वहिनी, त्यांना सांगा, मागचा पकडतोय."

मी बाकाकडे वळून सांगितलं. हे उत्तर द्यायला जेवढा वेळ घ्यायचे तेवढा वेळ भाऊजी थांबले. मग फडकं खांद्यावर टाकून, पेटी उचलून, अंगणातून निघाले.